विशाखापट्टणमला जा, पण शहर बघायला जा

दिवाळी झाली की घरोघरी थंडीतल्या सहलीचे बेत सुरू होतात, आणि त्यात हल्ली 'वायझॅग-अराकू' हे नाव बऱ्याचदा ऐकू येतं. वायझॅग म्हणजे आंध्र किनाऱ्यावरचं विशाखापट्टणम, आणि अराकू हे तिथून पुढे डोंगरातलं खोरं. त्याचा मला आनंदच आहे. पण त्या सहलींचं वेळापत्रक पाहिलं की जीव हळहळतो. संध्याकाळी विशाखापट्टणमला उतरायचं, बीचवर एक चक्कर, पाणबुडीसमोर फोटो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अराकूची गाडी. परत आल्यावर कैलासगिरीचा रोपवे, की शहर 'झालं'. माझं म्हणणं असं की अराकूचा एक मुक्काम कमी करा, पण विशाखापट्टणमला निवांत तीन-चार दिवस द्या. डोंगर आणि समुद्र इतके एकमेकांना खेटून असलेलं दुसरं मोठं शहर मी आपल्या देशात पाहिलेलं नाही. आणि तिथे बघण्यासारखं जे जे आहे, त्यातलं बहुतेक त्या डोंगरांमुळेच आहे.

नकाशा उघडून बघा. पूर्व घाटाच्या दोन रांगा इथे थेट किनाऱ्यापर्यंत येतात. उत्तरेला कैलास रांग, दक्षिणेला यारडाची रांग, आणि मधल्या खोलगट जागेत शहर. यारडाच्या रांगेचं टोक सरळ समुद्रात घुसलेलं आहे. त्याला डॉल्फिन्स नोज म्हणतात. आपला पूर्व किनारा बराचसा सपाट, वाळूचा आणि नद्यांच्या गाळाचा. जहाजांना वाऱ्या-लाटांपासून आडोसा मिळेल अशा जागा तिथे फार थोड्या. इथे तो आडोसा डोंगराने दिला, म्हणून मध्य प्रांतातलं मँगनीज परदेशी पाठवायला इथे बंदर बांधलं गेलं आणि १९३३ मध्ये ते सुरू झालं. बंदर आलं म्हणून जहाजबांधणी आली, नौदल आलं, पुढे पोलाद कारखाना आला. त्या डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून एखादं प्रचंड मालवाहू जहाज अरुंद वाटेने हळूहळू आत येताना बघा. शहराचा सगळा इतिहास डोळ्यांसमोर चालत येतोय असं वाटतं. मी तासन् तास तिथे थांबू शकते.

बंदराला लागूनच तीन छोट्या टेकड्या आहेत. एकीवर मेरीमातेचं चर्च, एकीवर दर्गा, एकीवर वेंकटेश्वराचं देऊळ. रॉस हिल, दर्गा कोंडा आणि वेंकटेश्वर कोंडा. जहाजं येतात-जातात ती या तिघांच्या नजरेखालून. खलाशांनी आणि कोळ्यांनी निघताना कुठे ना कुठे हात जोडलेलेच असणार. सहलीच्या बसेस इकडे फारशा फिरकत नाहीत. तुम्ही रिक्षा करून या. चढण थोडी आहे, पण वरून अख्खं बंदर दिसतं.

आता आपल्या माणसांना मला आवर्जून सांगायचंय ते. या आडोशालाच हिंदुस्थान शिपयार्ड आहे. जहाजबांधणीची ही गोदी उभी करायला घेतली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, त्यांच्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतर्फे. इंग्रजांच्या राज्यात, इंग्रज जहाज कंपन्यांची मक्तेदारी असताना, भारतीयांनी स्वतःची जहाजं चालवावीत आणि स्वतः बांधावीत हा त्या माणसाचा ध्यास होता. २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल १९४२ ला, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. काम विस्कळीत झालं, पण सोडून दिलं गेलं नाही. १४ मार्च १९४८ रोजी इथे बांधलेलं 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. देश स्वतंत्र होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढे सरकारने गोदी ताब्यात घेतली, नाव बदललं, पण शहरात त्या भागाला आजही सिंधिया म्हणतात. आत जाता येत नाही, रस्त्यावरून उंच क्रेन दिसतात तेवढंच. तरीही जा. मला ती पाटी दिसली तेव्हा घशात आवंढा आला होता. आपल्या एका माणसाचं स्वप्न इतक्या लांब, दुसऱ्या भाषेच्या गावात रुजलं, आणि आपल्यातल्या कितीजणांना ते ठाऊक आहे?

दुसरं कारण साधं आहे. आपण पश्चिम किनाऱ्याची माणसं, आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो. इथे तो समुद्रातून उगवतो. रामकृष्ण बीचवर (सगळे आर. के. बीच म्हणतात) पहाटे साडेपाचच्या आत पोहोचा. अख्खं शहर तिथे चालायला आलेलं असतं. म्हातारी माणसं, नौदलातले तरुण, घोळक्याने आलेल्या बायका. कुठल्याही पर्यटनस्थळी गेल्यावर मला तिथली माणसं आपल्या गावावर प्रेम करताना दिसली की फार बरं वाटतं, आणि ते इथे रोज पहाटे दिसतं. तिथून दक्षिणेला मासेमारी बंदर आहे, तेही सकाळीच गाठा. डॉल्फिन्स नोजची काळी भिंत मागे, समोर शेकडो बोटी, आणि मधे टोपल्या घेऊन भाव ठरवणाऱ्या बायका. एक लक्षात ठेवा. आपल्याकडे मासेमारीबंदी जून-जुलैत असते, तिकडे १५ एप्रिल ते १४ जून. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलात तर मोठ्या बोटी धक्क्यालाच उभ्या दिसतील.

बीच रोड हा या शहराचा कणा. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, असा तो उत्तरेला भीमुनिपट्टणमपर्यंत जातो. तिथले लोक त्याला भिमिली म्हणतात. या रस्त्यावर गाडी करून 'पॉइंट' उरकत जाऊ नका. मला यातलं सगळ्यात प्रिय ठिकाण तोटलकोंडा. टेकडीवर बौद्ध विहाराचे अवशेष आहेत, सुमारे २००० वर्षांपूर्वीचे. नौदलाच्या तळासाठी हवाई पाहणी चालू असताना ही जागा लक्षात आली आणि १९८८ ते १९९२ या काळात उत्खनन झालं. स्तूपाचा गोल चौथरा, भिक्षूंच्या खोल्यांच्या रांगा, खडकात खोदलेली पाण्याची टाकी. आपल्या सह्याद्रीतली लेणी ज्यांनी पाहिलीत त्यांना ही टाकी बघताक्षणी ओळखीची वाटतील. उत्खननात सातवाहनांची नाणी मिळाली, आणि रोमची चांदीची नाणीही! म्हणजे पैठणच्या राजांचं नाणं इथे चालत होतं, आणि रोमचा पैसाही फिरत फिरत या टेकडीवर पोहोचला होता. भिक्षूंनी ही जागा का निवडली हे तिथे उभं राहिलं की आपोआप कळतं. खाली समुद्र पसरलेला, जहाजं दिसतील एवढी उंची, आणि व्यापाऱ्यांच्या दानावर विहार चालेल एवढं जवळचं बंदर. संध्याकाळी चारनंतर जा, ऊन कमी झालेलं असतं.

त्याच रस्त्यावर भिमिलीच्या अलीकडे लाल वाळूच्या टेकड्या आहेत, एर्र मट्टी दिब्बलू. हजारो वर्षांत वाऱ्याने आणि पाण्याने घडवलेल्या, लोहामुळे तांबूस झालेल्या घळी. २०१४ मध्ये त्यांना भूवैज्ञानिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या फार नाजूक आहेत. वर चढून माती ढासळवू नका, आणि मुलांना बाटलीत भरून आणू देऊ नका. भिमिलीत डच व्यापाऱ्यांची जुनी दफनभूमी आहे आणि १८६१ ची नगरपालिका आहे, देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. गाव लहान, शांत. गोस्तनी नदी तिथे समुद्राला मिळते. ही नदी उगम पावते अनंतगिरीच्या डोंगरात, बोर्रा गुहांच्या परिसरात. अराकूला जाणार असाल तर तिचं तेही रूप बघाल.

अराकूबद्दल थोडक्यात. रेल्वेनेच जा. छत्तीसगडमधल्या बैलाडिल्याचं लोहखनिज जपानला पाठवण्यासाठी १९६० च्या दशकात हा मार्ग घाटातून काढला. पन्नासहून जास्त बोगदे आहेत. रस्त्याने जाण्यात ती मजा नाही. कॉफी तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांची आहे, ती जरूर घ्या.

सिंहाचलम मात्र सोडू नका, देवधर्म मानत असा वा नसा. कैलास रांगेतल्या टेकडीवर वराह-नरसिंहाचं देऊळ आहे. मूर्तीवर वर्षभर चंदनाचा जाड लेप असतो. खरं रूप वर्षातून एकदाच, अक्षय्य तृतीयेला दिसतं. त्या दिवशी इतकी गर्दी असते की लहान मुलांना घेऊन जाऊ नये असं मला वाटतं. एरवी सकाळी जा. इथल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक १०९८ चा आहे, १३व्या शतकात पूर्व गंग राजांनी देऊळ वाढवलं, आणि १५१६ मध्ये कृष्णदेवराय इथे येऊन गेला. ओडिशाची आणि तेलुगू मुलखाची घडण एकाच देवळात दिसते, कारण हा प्रदेश दोन्हीच्या सीमेवरचा. आषाढ पौर्णिमेच्या सुमाराला लोक या डोंगराला पायी प्रदक्षिणा घालतात, जवळजवळ ३२ किलोमीटर. पावसात, अनवाणी, नाव घेत. पंढरीची वाट चाललेल्या कुणालाही त्या माणसांबद्दल परकेपणा वाटणार नाही.

जे खटकतं तेही सांगते. हा समुद्र पोहण्याचा नाही. बंगालच्या उपसागराचा ओढा जबरदस्त आहे आणि आर. के. बीचवर, यारडाला माणसं बुडाली आहेत. पाय भिजवा आणि मागे या. यारडाचा किनारा घाटरस्ता ओलांडून गेल्यावर अचानक समोर येतो, तिन्ही बाजूंनी हिरवा डोंगर, आणि तो इतका सुंदर आहे की मोह होतोच. म्हणून तिथे जास्त सांभाळा. बंदराच्या बाजूला कोळशाची आणि खनिजाची धूळ जाणवते, दम्याचा त्रास असेल तर राहायची जागा बीच रोडला किंवा उत्तरेला घ्या. ऋषिकोंड्याची टेकडी कापून तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या आहेत, ते बघून मला फार वाईट वाटलं. टेकड्यांवर उभं असलेलं शहरच टेकड्या खाऊ लागलं तर पुढच्या पिढीने काय बघायचं? खाली ऋषिकोंड्याचा किनारा मात्र स्वच्छ ठेवलेला आहे. २०२० मध्ये देशातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला त्यात तो होता.

कधी जायचं? नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात घामाने जीव नको होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर वादळांचे महिने आहेत. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ थेट या शहरावर आदळलं आणि डोंगरांवरची झाडं उघडीबोडकी झाली. आज कंबालकोंड्याच्या जंगलात फिरताना ते खरंही वाटत नाही, इतकी हिरवाई परत आली आहे. मुंबई-पुण्याहून थेट रेल्वे आहे. भाषेची चिंता करू नका. नौदल, रेल्वे आणि पोलाद कारखान्यामुळे देशभरची माणसं इथे स्थायिक झाली आहेत, हिंदीत काम भागतं. जेवायला साध्या आंध्र भोजनालयात शिरा. गोंगुरा (आपली अंबाडी), पप्पू (डाळ), कोळंबीचं कालवण, आणि तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, वाढणारे काळजीने ऐकतात.

मुलं कंटाळतील असं बऱ्याचजणांना वाटतं, त्यांच्यासाठी कुरसुरा पाणबुडी. कृपा करून बाहेरून फोटो काढून निघू नका, आत जा. १९६९ मध्ये नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात वापरलेली, २००१ मध्ये निवृत्त झालेली ही पाणबुडी पुढच्या वर्षी लोकांसाठी खुली झाली. लांबी जेमतेम ९१ मीटर. त्यात पंचाहत्तरच्या आसपास माणसं आठवडेच्या आठवडे राहत. टॉर्पेडोच्या शेजारी झोपायची फळी, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं एवढी वाट. पाकिस्तानची गाझी पाणबुडी ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री याच किनाऱ्यासमोर बुडाली, हे आत उभं राहून मुलांना सांगा. मग समोर रस्ता ओलांडून टीयू-१४२ विमान दाखवा. २९ वर्षं समुद्रावर गस्त घातलेलं हे विमान २०१७ पासून इथे आहे आणि त्याच्याही पोटात शिरता येतं. पाणबुडी सोमवारी बंद असते, तेवढं बघून तिकिटं काढा.