‘ॲपला ओळखता आलं नाही, म्हणजे नवी प्रजाती’: नदीतल्या फुलझाडांवरच्या एका संदेशाचा समाचार

पाऊस ओसरून नद्यांचं पाणी उतरू लागलं की एक संदेश फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. नदीतल्या खडकावर शेवाळासारखं काही दिसलं आणि त्याला बारीक फुलं असली तर फोटो काढा, पुरावा म्हणून तो पुरेसा आहे. ॲपला ओळखता आलं नाही तर ती नवी प्रजाती. तुकडा डीएनए तपासणीला पाठवा. जागतिक संस्था मान्यता देईल. नाव तुमचं लागेल. आणि एकाच जागी सापडल्यामुळे ती आपोआप अतिसंकटग्रस्त ठरेल. हौसेला नावं ठेवायची नाहीत, पण यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही.

ज्या झाडांबद्दल हे चाललं आहे ती पोडोस्टेमेसी कुळातली. जगभरात सुमारे ३०० प्रजाती, बहुतेक उष्ण प्रदेशांतल्या. वेगानं वाहणाऱ्या पाण्यात, धबधब्यात, खडकाला घट्ट चिकटून वाढणारी. पावसाळाभर पाण्याखाली, आणि पाणी उतरून खडक उघडा पडला की काही दिवसांत फूल, फळ, बी सगळं उरकून टाकणारी. सह्याद्रीत झेलॅनिडियम, ग्रिफिथेला, पॉलिप्ल्यूरम, डॅल्झेलिया हे वंश आढळतात. दिसायला शेवाळ किंवा दगडफूल, पण झाड सपुष्प.

आता ॲपचं. ॲप शिकतं ते आधी कुणीतरी नीट ओळखून ठेवलेल्या फोटोंवरून, आणि या कुळाचे तसे फोटो मुळातच तुटपुंजे. ‘जुळणी नाही’ यातून कळतं ते ॲपच्या साठ्याबद्दल, झाडाबद्दल नाही. शिवाय या झाडांचा बाह्य आकार अतिशय फसवा. ग्रिफिथेला हूकेरियाना या एकाच प्रजातीचं मूळ कुठे खडकावर पापुद्र्यासारखं पसरलेलं, कुठे फितीसारखं, तर कुठे चक्क पेल्यासारखं उभं असतं. पाण्याची खोली आणि वेग बदलला की पानांची लांबीही बदलते. एका धबधब्यावरून तीन ‘नव्या’ प्रजाती घेऊन यायच्या आणि तिन्ही एकच निघायच्या, हे या कुळात सहज घडू शकतं. डॅल्झेलियाची तऱ्हा आणखी वेगळी: खडकावर पसरलेला तिचा हिरवा पापुद्रा मूळ नसून खोड आहे, तिला मूळच नाही. हे फोटोत दिसणार कसं? त्यासाठी रोपं वाढताना पाहावी लागतात, पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात.

नवी म्हणायच्या आधी जुन्याशी ताडून बघायचं असतं, आणि जुनं बरंच आहे. तुलान या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पुढे वार्मिंग यांनी आणि १९०२ मध्ये विलिस यांनी या कुळावर सविस्तर लिहून ठेवलं. त्यांच्या नावांपैकी काही आज दुसऱ्या नावात विलीन झाली आहेत. मूळ नमुने परदेशांतल्या जुन्या हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांत, आहेत. बऱ्याच नमुन्यांची चित्रं ऑनलाइन पाहता येतात, पण दोन मिलिमीटरच्या बोंडावरचे, म्हणजे सुक्या फळावरचे, कंगोरे स्कॅनमध्ये मोजता येतातच असं नाही. ही पायरी गाळली की जुन्याच झाडाचं नवं बारसं होतं.

‘फोटो पुरेसा आहे’ हा दावा सगळ्यांत घातक. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १ जानेवारी २००७ पासून नव्या प्रजातीचा होलोटाइप, म्हणजे नावाला कायमचा बांधलेला नमुना, हा प्रत्यक्ष जपून ठेवलेला नमुनाच लागतो. सूक्ष्म शैवालं आणि बुरशा यांसारखे मोजके अपवाद सोडले तर चित्र किंवा फोटो चालत नाही. तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला तेही लेखात लिहावं लागतं.

आणि या कुळाचा नमुना गोळा करणं हे नेहमीच्या रानातल्या झाडाची फांदी तोडून दाबण्याइतकं सोपं नाही. चाकूनं खरवडलं की मूळ फाटतं, आणि कोणती फुटवी मुळाच्या कडेवरून आली, कोणती पृष्ठावरून, हा पुरावाच जातो. म्हणून छिन्नीनं खडकाची पातळ कपची झाडासकट काढायची. ते जमत नसेल तर पातळ, बोथट पात्यानं कडेपासून हळूहळू सोडवायचं. लगेच त्याचे तीन भाग करायचे.

पहिला भाग द्रवात. ७० टक्के अल्कोहोल ९० मिली, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ५ मिली, फॉर्मॅलिन ५ मिली. यात एक-दोन दिवस ठेवून मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवायचं. बाटलीच्या आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी टाकायची. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि मग बाटली कुठल्या नदीची हे कुणालाच सांगता येत नाही. दुसरा भाग डीएनएसाठी: स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशनं धुऊन, टिपून, निदान दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये. फॉर्मॅलिनमधला तुकडा इथे कामाचा नाही, कारण फॉर्मॅलिन डीएनएची वाट लावतं. तिसरा भाग सुकवायला. परातीत पाणी घेऊन झाड त्यात तरंगू द्यायचं, खालून जाड कागद सरकवून अलगद उचलायचं, वर मलमलचं फडकं, त्यावर टिपकागद. फडकं विसरलं तर झाडाचा चिकट बुळबुळीतपणा त्याला टिपकागदालाच चिकटवतो.

नुसत्या सुकलेल्या झाडावर भागत नाही, कारण फूल आक्रसतं आणि नेमकं तिथेच सगळं ठरायचं असतं. कळी एका बंद, पातळ पिशवीत असते. तिला स्पॅथेला म्हणतात. ती गदेसारखी की लंबगोल, टोकाशी फाटते की बाजूनं, हे पाहायचं. आत पुंकेसर एक की दोन. दोन असले तर त्यांचा देठ कुठपर्यंत जोडलेला. परागकण सुटे की जोडीनं. अंडाशयात कप्पे किती. बोंडाच्या दोन झडपा सारख्या की लहानमोठ्या, आणि फुटल्यावर एक गळते की दोन्ही राहतात. बोंडावर कंगोरे किती. डॅल्झेलिया ज्या दुसऱ्या उपकुळातली, त्यात ही पिशवी नसते, तीन परिदलं (पाकळ्यांसारखी दलं) असतात आणि अंडाशयाला तीन कप्पे असतात. कंगोरे कोवळ्या बोंडावर मोजता येत नाहीत, स्पॅथेला पिकलेल्या झाडावर उरत नाही. म्हणजे फूल हवं आणि पिकलेलं बोंडही हवं.

इथे संहितेची एक अट आडवी येते. होलोटाइप एकाच वेळी केलेल्या एकाच संकलनातला असावा लागतो. ऑक्टोबरातलं फूल आणि जानेवारीतलं बोंड जोडून एक होलोटाइप होत नाही. यावर उपाय नदीच देते: पाणी टप्प्याटप्प्यानं उतरतं, त्यामुळे एकाच कातळावर वर बोंडं पिकलेली आणि पाण्याच्या रेषेलगत कळ्या असा एखादा आठवडा मिळतो. तो साधायचा. नोंदवहीत अक्षांश-रेखांश आणि उंचीबरोबर खडकाचा प्रकार, सावली आणि पाण्याच्या रेषेपासूनचं अंतरही लिहायचं.

परवानगीशिवाय यातलं काहीच करू नये. वनक्षेत्रात वनविभागाची लेखी परवानगी आधी. शिवाय जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती नेमलेल्या संग्रहसंस्थेला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. वनस्पतींसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही अशी संस्था. घरातल्या वहीत दाबून ठेवलेला नमुना कायद्यालाही चालत नाही, विज्ञानालाही नाही.

डीएनएचा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त पसरतो. मॅट-के आणि आयटीएस हे डीएनएचे भाग या कुळात वापरले जातात आणि नातं ठरवायला उपयोगी पडतात. पण अनुक्रम जुळवायला समोर दुसरा अनुक्रम लागतो, आणि तोही बरोबर ओळखलेल्या झाडाचा. इतका टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असा आकडा संहितेतही नाही आणि या कुळासाठी सर्वमान्यही नाही. त्यात ही झाडं नील-हरित जिवाणूंच्या थरावर बसलेली असतात, अंगावर शैवाल असतं. नीट धुतलं नाही तर प्रयोगशाळा शैवालाचा अनुक्रम हातात ठेवते, आणि तो अर्थातच कुठल्याही फुलझाडाशी जुळत नाही! संदेशाच्या हिशेबानं हा तर महाशोधच ठरावा.

‘जागतिक संस्थेची मान्यता’ अशी काही चीज नाही. वर्णन किंवा नेमका फरक सांगणारा मजकूर इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये हवा (२०१२ च्या आधी लॅटिनच लागायची), होलोटाइप नेमलेला हवा, आणि प्रकाशन छापील किंवा आयएसएसएन वा आयएसबीएन हा प्रकाशन-क्रमांक असलेल्या ऑनलाइन पीडीएफमध्ये हवं. एवढं झालं की नाव वैध. मराठीत दहा पानं वर्णन लिहिलं तरी नाव वैध होत नाही, वर्तमानपत्रातल्या बातमीनं तर नाहीच. उलट, संहिता तज्ज्ञांकडून तपासणीचीही अट घालत नाही, म्हणून वैध नाव आणि टिकणारं नाव या दोन वेगळ्या गोष्टी. दुसऱ्या अभ्यासकानं तीच झाडं पाहून ‘ही तर जुनीच’ असं दाखवलं की नाव समानार्थी यादीत जातं. स्वतःचं नाव देण्याला संहितेत बंदी नाही. पण तसं कुणी करत नाही, आणि केलंच तर हसं होतं.

राहिलं ‘एकाच जागी, म्हणून अतिसंकटग्रस्त’. संकटग्रस्त प्रजातींची जागतिक यादी करणाऱ्या आययूसीएन या संघटनेच्या निकषांत व्याप्त क्षेत्र २ किमी × २ किमीच्या चौकटींत मोजतात. एक जागा म्हणजे ४ चौरस किमी, आणि अतिसंकटग्रस्तची मर्यादा १० पेक्षा कमी. आकडा बसला, पण तेवढ्यानं भागत नाही. अधिवासाची किंवा संख्येची घसरण चालू असल्याचं किंवा त्यांत टोकाचे चढउतार होत असल्याचंही दाखवावं लागतं, आणि आसपासच्या नद्या शोधल्याची नोंद असणं अपेक्षित असतं. धोका खोटा आहे असं मुळीच नाही. २०१८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डेनिस मोल्मू यांना आफ्रिकेतल्या गिनीत कोनकूरे नदीवरच्या धबधब्यात सापडलेल्या, याच कुळातल्या सॅक्सिकोलेला डेनिसे हिचं वर्णन २०२२ मध्ये छापून आलं, तेव्हा उपग्रहचित्रांत तो धबधबा धरणाच्या पाण्याखाली गेलेला दिसत होता. पण यादीतल्या नोंदीनं धरण आपोआप थांबत नाही. तो निर्णय पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेत होतो, आणि तिथे हर्बेरियम क्रमांक असलेला नमुना मांडता येतो, फोटो नाही.

काही संदेशांत शेवटी ‘झाड उचलून वरच्या ओढ्यात लावा’ असंही असतं. खडकापासून सुटलेलं मूळ पुन्हा घट्ट बसेल याचा भरवसा नाही. नैसर्गिकरीत्या नवं झाड मुख्यतः बियांतून येतं: धुळीएवढ्या बिया भिजल्या की त्यांचं बाहेरचं आवरण चिकट होतं आणि त्या उघड्या खडकाला धरतात. त्यासाठी गाळ नसलेला कातळ, पावसाळ्यात जोराचा प्रवाह आणि नंतर उतरणारं पाणी, तिन्ही लागतात. धरणाच्या साठ्यात पहिल्या दोन गोष्टी संपतात. खाली, रोज पाणी सोडणाऱ्या वीजगृहाच्या पुढे, तिसरी संपते: कातळ उघडा पडतो तो काही तासांपुरता, आणि फूल बोंडापर्यंत पोचतच नाही.