चिमूटभर मिरीने गोळी निम्मी होत नाही

गेल्या आठवड्यात खानापूरला आत्याकडे गेलो, तेव्हा फडताळात विळीवर अर्ध्या कापलेल्या गोळ्या आणि शेजारी हळद-मिरीची पुडी दिसली. लघवीच्या संसर्गासाठी डॉक्टरांनी तिला पाच दिवसांचे अँटिबायोटिक दिले होते. व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश वाचून तिने तिसऱ्या दिवसापासून मात्रा निम्म्यावर आणली. बेळगाव-निपाणीकडच्या नातेवाइकांकडूनही मला तोच संदेश आला आहे. त्यात म्हटले आहे की, हळद-मिरीबरोबर गोळी निम्मीच पुरते, औषधाला दाद न देणारे जंतूही मरतात, अपाय काहीच नसतो आणि कंपन्या हे दडवून ठेवतात.

यात थोडे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. काही जंतू आत शिरलेले औषध आवरणातील पंपाने बाहेर फेकतात. मिरीतील पायपरीन हे द्रव्य स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा असा पंप अडवून सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचा प्रभाव वाढवते, असे जम्मूच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. पण ते प्रयोगशाळेत, मोजून घेतलेल्या शुद्ध पायपरीनने. लघवीचा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या दुसऱ्या जंतूमुळे होतो, आणि त्याचे आवरण व पंप दोन्ही वेगळे असतात.

निम्म्या मात्रेचा सल्ला मात्र निव्वळ घातक आहे. त्याचे मूळ बहुधा क्षयावरील रिसोरिन या गोळीत असावे. २००९ मध्ये आलेल्या या गोळीत नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध आणि सोबत १० मिलिग्रॅम पायपरीन असते. तेथे रक्तातील औषधाची पातळी तपासून, मात्रा ठरवून, दोन्ही एकाच गोळीत बांधलेली आहेत. आत्याच्या चिमटीत पायपरीन किती होते आणि तिच्या शरीरात औषध किती पोचले, हे कोणी मोजले? तिचे औषध रिफाम्पिसिनही नव्हते. मात्रा अपुरी पडली की नाजूक जंतू आधी मरतात, चिवट तेवढे उरतात आणि मोकळ्या रानात वाढतात. म्हणजे ज्यांना मारण्याची ग्वाही हा संदेश देतो, तेच जंतू त्याच्या सल्ल्याने घरोघरी पोसले जातात. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा जंतूंमुळे झाले, असा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासाचा अंदाज आहे.

कंपन्या दडवतात म्हणावे, तर रिसोरिन एका औषध कंपनीनेच बाजारात आणली. अपाय नसतो हेही खरे नाही, कारण पायपरीनमुळे आकडीवरील फेनिटॉइनची रक्तातील पातळी वाढते. हळदीतील कर्क्युमिन तर पोटातून रक्तात फारसे उतरतच नाही.

आमटीतली हळद-मिरी आत्याने खुशाल खावी. कापलेल्या गोळ्या मी डॉक्टरांना नेऊन दाखवल्या. त्यांनी लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून कोणते औषध लागू पडते ते पाहणाऱ्या तपासणीला, पाठवली असून, अहवालात जे औषध लागू पडेल ते पूर्ण मात्रेत आणि पूर्ण दिवस घ्यायचे आत्याने कबूल केले आहे.