चार वर्षांच्या कंत्राटावर पंचवीस वर्षांचं विमान कोण घेणार?

युरोपातली एखादी छोटी विमान कंपनी बुडाली की इकडच्या वर्तमानपत्रांत दोन-तीन ठरलेली कारणं छापून येतात. लोक रेल्वेकडे वळले, कर वाढले, पर्यावरणाचा दबाव आला, त्यामुळे या धंद्यात आता राम उरला नाही. मी या खंडाच्या अगदी वरच्या टोकाला, उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला राहते आणि मला हे अजिबात पटत नाही. या कंपन्यांना प्रवासी आहेत आणि त्या प्रवाशांना दुसरा मार्गही नाही. कमी आहे ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांची खात्री देणाऱ्या सरकारांची. जरा लांबलचक लिहितेय, पण शेवटी विषय आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापर्यंत येतो, म्हणून वाचा.

आधी रेल्वेचं बघू. फ्रान्सने २०२३ मध्ये पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून ल्यों, नांत आणि बोर्दोची विमानं बंद केली, कारण रेल्वेने तिथे अडीच तासांच्या आत पोहोचता येतं. माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. जिथे उत्तम रेल्वे आहे तिथे विमान कशाला? पण नॉर्वेचा उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग १९६२ मध्ये बोडोला पोहोचला आणि तिथेच थांबला. ट्रॉम्सोला रेल्वे नाही. त्याच्याही पुढच्या फिनमार्कमधल्या मच्छीमार गावांना तर रेल्वेचं नावच काढू नका. रस्ते आहेत, पण हिवाळ्यात वादळ आलं की घाट बंद. पॅरिस आणि स्टॉकहोममध्ये बसून पर्यावरणापायी विमानप्रवासाची लाज वाटून घेणाऱ्यांनी हा नकाशा एकदा नीट बघावा.

या किनाऱ्यावर विडेरो नावाची कंपनी उडते. १९३४ सालची. १९६८ मध्ये हेल्गेलांड आणि त्याच्या लगतच्या भागात आखूड धावपट्ट्यांचे पहिले चार विमानतळ उघडले आणि पुढे सगळ्या किनाऱ्यावर असे विमानतळ झाले. धावपट्टी आठशे मीटरच्या आसपास, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. विमान ३९ आसनांचं, पंख्याचं, डॅश ८. किर्केनेसहून निघतं आणि वाडसो, बोत्सफ्योर्ड, बर्लेव्होग, मेहाम्न असं थांबत थांबत येतं. प्रत्येक ठिकाणी दोघं उतरतात, तिघं चढतात, बाकीचे जागेवरच बसून राहतात. खिडकीतून बर्फ खरवडणारी गाडी दिसते आणि ती बाजूला झाली की विमान लगेच पुन्हा पळायला लागतं. एकदा शेजारी बर्लेव्होगच्या एक आजी होत्या, ट्रॉम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात तपासणीला निघालेल्या. त्यांच्यापुढच्या रांगेत फुटबॉलच्या सामन्याला निघालेली शाळेची मुलं आणि एक विजेच्या कामाचा माणूस, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन. पर्यटक कोणीच नाही. ही आपली एसटीच आहे, फक्त हवेतून जाणारी. आणि एसटीला कोणी विचारत नाही की अमुक वाडीची फेरी नफ्यात चालते का.

म्हणूनच नॉर्वे यातल्या बऱ्याच मार्गांसाठी निविदा काढतो आणि तोट्याची रक्कम सरकार भरतं. विमानतळ चालवणारी अविनोर ही सरकारी कंपनी ऑस्लोच्या मोठ्या विमानतळावर कमावते, त्यात ड्यूटी फ्री दुकानांचा वाटा मोठा, आणि तो पैसा छोट्या विमानतळांवर खर्च करते. मला ही रचना फार योग्य वाटते. राजधानीत कोणीतरी परफ्यूमची बाटली घेतो आणि त्यातून मेहाम्नच्या धावपट्टीवरचे दिवे जळतात.

अशी रचना नसली तर काय होतं ते ब्रिटनने दाखवलं. फ्लायबी ही युरोपातली सर्वांत मोठी स्वतंत्र प्रादेशिक कंपनी होती. ब्रिटनमध्ये देशांतर्गत प्रत्येक उड्डाणावर माणशी १३ पौंड कर होता, जाऊन-येऊन २६. लंडन ते न्यूयॉर्क जाणारा माणूस कर एकदाच भरायचा, कारण परतीचं उड्डाण परदेशातून. साउदॅम्प्टन ते न्यूकॅसल जाणारा दोनदा भरायचा. मार्च २०२० मध्ये कोरोनाचा पहिला तडाखा बसला आणि कंपनी बंद पडली. दोन हजारांहून जास्त लोकांची नोकरी गेली आणि साउदॅम्प्टन विमानतळ जवळजवळ ओस पडला. एप्रिल २०२२ मध्ये त्याच नावाने नवी कंपनी उभी राहिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तीही गेली. तो कर निम्मा झाला एप्रिल २०२३ मध्ये! तोवर वाचवायला कोण उरलं होतं? मग ऑक्टोबर २०२५ मध्ये ईस्टर्न एअरवेजही थांबली.

खर्चाचं गणितही समजून घ्या. १८० प्रवाशांच्या विमानाला दोन वैमानिक लागतात आणि ३९ प्रवाशांच्या विमानालाही दोनच लागतात. विमान दिवसातून आठ-दहा वेळा चढतं-उतरतं, त्यामुळे चाकं, ब्रेक, इंजिनं सगळंच लवकर झिजतं. नवा वैमानिक इथे हात साफ करून घेतो आणि अनुभव आला की मोठ्या कंपनीत जातो.

त्यात युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम. १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला तीन तासांहून जास्त उशीर झाला तर प्रत्येकी २५० युरो भरपाई. तिकीट ६० युरोचं असलं तरी भरपाई २५०. खराब हवामान असेल तर सूट मिळते, पण तांत्रिक बिघाडाला बहुतेक वेळा नाही, न्यायालयाने तसं स्पष्ट केलंय. ३९ जणांचे होतात ९७५० युरो, एका फेरीच्या सगळ्या तिकिटांच्या कितीतरी पट. मोठ्या कंपनीकडे जोडीला दुसरं विमान उभं असतं, छोटीकडे नसतं. प्रवाशाला हक्क हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण भरपाई तिकिटाच्या किमतीशी कुठेतरी जोडलेली असायला हवी.

आता मुख्य मुद्दा, विमानांचा. डॅश ८ च्या लहान आवृत्त्या आता बनत नाहीत, मोठ्या आवृत्तीचं उत्पादनही २०२१ पासून थांबलंय. साब ३४० या तशाच लहान विमानाचं उत्पादन तर १९९९ मध्येच संपलं. पन्नासच्या आसपास आसनांचं पंख्याचं नवं विमान आज एकच मिळतं, फ्रान्समध्ये तुलूझला जुळणी होणारं एटीआर ४२. त्याचीच एक आवृत्ती आठशे मीटरच्या धावपट्टीसाठी तयार होत होती, नेमकी आमच्यासारख्या गावांना हवी तशी. नोव्हेंबर २०२४ मध्ये एटीआरने तो प्रकल्प गुंडाळला. म्हणजे विडेरोची लहान विमानं म्हातारी झाल्यावर या धावपट्ट्यांवर काय उतरणार, याचं उत्तर आज कोणत्याच कारखान्यात तयार नाही.

विजेवरच्या विमानांकडून मला खूप आशा होती, अजूनही आहे. पंधरा-वीस मिनिटांची उड्डाणं आणि धरणांमधून येणारी स्वच्छ वीज, याहून योग्य जागा जगात क्वचितच सापडेल. पण विडेरो ज्यात सहभागी होती तो इटलीच्या टेकनामचा प्रकल्प २०२३ मध्ये थांबला, कारण बॅटरी इतक्या लवकर झिजतात की हिशोब बसेना. स्वीडनची हार्ट एअरोस्पेस ३० आसनांचं विमान घेऊन गोथेनबर्गहून अमेरिकेला निघून गेली. २०२५ मध्ये बीटा कंपनीच्या अलिया या छोट्या विजेवरच्या विमानाने नॉर्वेतल्या स्टाव्हांगर आणि बर्गनच्या दरम्यान मालवाहतुकीच्या चाचण्या सुरू केल्या, ही त्यातली खरी जमेची बाजू. मला वाटतं सुरुवात अशीच होईल. आधी टपाल आणि औषधं, मग माणसं.

हे सगळं अडतंय कुठे? युरोपचा २००८ चा १००८ क्रमांकाचा नियम सांगतो की अशा सार्वजनिक सेवेच्या मार्गाचं कंत्राट जास्तीत जास्त चार वर्षांचं, कॅनरी किंवा अझोर्ससारख्या दूरच्या बेटांसाठी पाच. विमान चालतं पंचवीस वर्षं. चार वर्षांच्या कागदावर कोणती बँक त्यासाठी कर्ज देईल? कंपनी नवं विमान मागवत नाही, म्हणून कारखाना बनवत नाही, म्हणून कंपनी जुनंच विमान ओढत राहते, ते बिघडतं आणि २५० युरोंची भरपाई मागे लागते. स्पर्धा टिकावी म्हणून ठेवलेली मुदतच स्पर्धकांना संपवतेय. निविदा दहा-बारा वर्षांच्या करा, नाहीतर विमानं सरकारने विकत घ्यावीत आणि फक्त चालवायला द्यावीत. कंपनी बदलली तरी विमानं तिथेच राहतील.

आणि आता चिपी. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला आणि मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर उतरलं, त्याच तुलूझचं. उडान योजनेची मदत तीन वर्षांची असते, मुख्य मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून गोळा केलेल्या निधीतून. तीन वर्षं भरली आणि २०२४ मध्ये ती सेवा बंद पडली. आता गोव्याची फ्लाय९१ एटीआर ७२ घेऊन चिपीला येते. तिला मी मनापासून शुभेच्छा देते, पण तिच्यासमोरचं गणित तेच आहे.

२०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित उडान जाहीर झाली, पुढच्या १० वर्षांत १२० नवी ठिकाणं जोडायची म्हणून. सिंधुदुर्ग, नांदेड, कोल्हापूर, जळगावच्या मंडळींनी आपापल्या खासदाराला एवढंच विचारावं: आमच्या मार्गाला मदतीची हमी किती वर्षांची आहे? उत्तर पुन्हा तीन वर्षं असेल, तर विमानतळाच्या नव्या इमारतीचे फोटो टाकण्याआधी ती मुदत वाढवून आणायला सांगा.