दिव्यांगांचा ५ टक्के निधी गावावर बोजा आहे म्हणणाऱ्यांना उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आलाय. थोडक्यात त्यात असं लिहिलंय की ग्रामपंचायतीला उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायची सक्ती आहे, आधी ३ टक्के होते ते वाढवले, त्यामुळे गावाचे रस्ते-गटारी अडकतात, गावात असे लोक असतात किती, एकदा वाटलेला पैसा परत कधी येत नाही, जगात कुठेही यातून कुणाची कमाई झालेली नाही, आणि घेणारे निम्मे बोगस. खाली नेहमीचं, सहमत असाल तर पुढे पाठवा. मी सहमत नाहीये. आमच्या घरात हा विषय रोजचा आहे म्हणून नीट बसून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी रस्त्यांचं बघू. २०१८ मध्ये ३ चे ५ टक्के झाले हे बरोबर, पण ५ टक्के कशाचे ते मेसेजवाल्याने लिहिलेलंच नाही. ते स्वउत्पन्नाचे आहेत, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं, बाजाराची पावती असं जे पंचायत स्वतः गोळा करते त्याचे. रस्ता, गटार, पाण्याची लाईन यांचा मोठा पैसा येतो वित्त आयोगाकडून, जिल्हा परिषदेच्या योजनांतून, आमदार-खासदार फंडातून, आणि त्याला हे ५ टक्के लागत नाहीत. गावाचं स्वउत्पन्न वर्षाला ६ लाख धरलं तर दिव्यांगांचा वाटा होतो ३० हजार. ३० हजारात किती फूट काँक्रीट पडतं ते गावातल्या कुठल्याही कॉन्ट्रॅक्टरला विचारा आणि मग सांगा रस्ता कशामुळे अडलाय.

असे लोक असतात किती, याचंही उत्तर आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले, म्हणजे शंभरातले अडीचपेक्षा जास्त. ४ हजार वस्तीच्या गावात सरासरीने शंभरेक जण झाले. आणि तेव्हा कायद्यात प्रकार ७ च होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन हे सगळे त्यात आले. आपल्याला चार-पाचच दिसतात कारण बाकीचे घराबाहेर पडू शकत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, पैसा परत येत नाही. इथे मी घरचंच सांगतो.

माझी मोठी बहीण, ताई, दोन्ही पायांनी पोलिओची आहे. हाताला मात्र चांगलं वळण, गावातली अर्धी ब्लाऊजं तिनेच शिवावीत असं लहानपणापासून सगळे म्हणायचे. काही वर्षांपूर्वी ५ टक्क्यांतून पंचायतीने तिला शिलाई मशीन दिलं, साधारण सात हजारांचं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. मशीन पायाने चालवायचं होतं. दोन्ही पाय नसल्यासारखे आहेत त्या बाईला पायमशीन, आणि देण्याआधी घरी येऊन कुणी एकदाही विचारलं नाही की तुला कसलं पाहिजे. वर्षभर ते मशीन चादर टाकून कोपऱ्यात उभं होतं, आई त्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायची. शेवटी तालुक्याच्या मेकॅनिकला बोलावलं, त्याने पाऊण तासात मोटर बसवली, पायाचं स्पीडचं पेडल उचलून वर टेबलाच्या कडेला लावलं, ताई ते उजव्या कोपराने दाबते. सगळा खर्च दोन हजारांच्या आत, आणि त्या दिवशी संध्याकाळी तिने पहिली शिवण मारली ती आईच्या पोलक्याची.

पुढचं बघा. आज तिने पंचायतीच्याच बाजार गाळ्यांपैकी एक गाळा भाड्याने घेतलाय, महिना ७०० रुपये, म्हणजे वर्षाचे ८,४०० पंचायतीला. सात हजारांच्या मशीनवर एका वर्षात पंचायतीला त्याहून जास्त आले आणि दरवर्षी येणारेत. दोरा, हूक, अस्तर गावातल्याच दुकानातून घेते. काज-बटण आणि पिको-फॉलला शेजारची एक मुलगी ठेवलीय तिचा पगार गावातच राहतो. आणि जो हिशोब कुणीच धरत नाही तो म्हणजे आईचा, आधी ती ताईजवळ कुणीतरी पाहिजे म्हणून घरी थांबायची, आता भांगलणीला जाते, म्हणजे एका मशीनवर तीन बायकांची कमाई सुरू झाली. पैसा वाया गेला होता तो चादरीखालच्या वर्षात, आणि तो दिव्यांगांवर खर्च केला म्हणून गेलेला नाही, न विचारता केला म्हणून गेला.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा म्हणून माणशी हजार-पंधराशे वाटून टाकले तर तो पैसा औषधा-किराण्यात जातो (गरज असते, त्याला मी नावं ठेवणार नाही), पण त्यातून धंदा उभा राहत नाही. धंद्याला अर्थसाहाय्य देता येतं, आणि त्याला दुसऱ्या योजना जोडल्या तर रक्कम कुठल्या कुठे जाते. पीएमईजीपीचं, म्हणजे नवा धंदा सुरू करायला कर्ज आणि सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेचं उदाहरण घ्या, त्यात ग्रामीण भागातल्या दिव्यांगाला ३५ टक्के सबसिडी आहे आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के. एक लाखाच्या प्रकल्पाला ५ हजार आपले, ३५ हजार सबसिडी, उरलेलं बँकेचं कर्ज. ते पहिले ५ हजार नसतात म्हणून कितीतरी फाईली सुरूच होत नाहीत, पंचायतीच्या मदतीने नेमका तोच खड्डा भरतो. वर उल्लेख केलेल्या ३० हजारात असे सहा जण उभे राहतात आणि गावात सहा लाखांचे धंदे येतात. एवढी ताकद दुसऱ्या कुठल्या ३० हजारात आहे सांगा.

साहित्याचंही तसंच. तीनचाकी सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र केंद्राच्या योजनेतून शिबिरात मिळतात, ते परत आपल्या पैशातून कशाला घ्यायचं. पण मिळालेल्या सायकलीची चेन तुटली की ती गोठ्यात जाते कारण दुरुस्ती कुठेच नाही. गावातल्या पंक्चरवाल्याला शिकवून दुरुस्तीचं वार्षिक काम द्या, त्याचाही धंदा आणि सायकलीही रस्त्यावर.

रॅम्पला तर लोक उगाच खर्च म्हणतात. पहिली गोष्ट, तो कायद्याने करायचाच आहे, २०१६ च्या कायद्यात जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम झाल्यापासून ५ वर्षांची मुदत होती, नियम २०१७ चे, म्हणजे मुदत संपून गेलीय. दुसरी, नीट करा, प्रमाण १ ला १२ आहे, दीड फूट उंचीला अठरा फूट रॅम्प लागतो. मी टेप घेऊन एका गावातला मोजलाय, दोन फूट उंचीला सात फुटांचा, व्हीलचेअर चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरताना जीव मुठीत. तिसरी, गवंडी गावातला, रेलिंग करणारा वेल्डर गावातला, आणि एकदा झाला की म्हातारी माणसं, बाळंतिणी, गॅसची टाकी नेणारा सगळेच त्यावरून जातात.

जगात कुठे कमाई झालीय का? ऑस्ट्रेलियातलं जिलाँग शहर बघा. तिथला फोर्डचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. त्याआधी २०१३ मध्ये देशाने दिव्यांगांसाठी एनडीआयएस नावाची विमा योजना सुरू केली आणि ती चालवणाऱ्या संस्थेचं मुख्यालय जिलाँगलाच ठेवलं, कारखान्याचं शहर असं नव्या नोकऱ्यांकडे वळलं. योजना पसरत असताना त्यांच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनचा (सरकारला आर्थिक सल्ला देणारी तिथली संस्था) अंदाज होता की देशातल्या नव्या नोकऱ्यांपैकी पाचातली एक यातूनच येईल. खर्चही वाढलाय, वर्षाला ४ हजार कोटी डॉलरच्या पुढे गेला आणि आता सरकार त्याला आवर घालतंय, तेही सांगितलं पाहिजे. आपला पैसा त्यापुढे चिमूटभर आहे, पण देखभाल, थेरपी, दुरुस्ती ही कामं जिथे माणूस राहतो तिथेच होतात हे तिथेही खरं आणि आपल्याकडेही. आणि खर्च न करण्याचीही किंमत असते, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००९ च्या अभ्यासात आशिया-आफ्रिकेतल्या १० देशांत दिव्यांगांना कामाबाहेर ठेवल्याने जीडीपीच्या ३ ते ७ टक्के नुकसान निघालं होतं. आपल्याकडे २०११ ला दिव्यांगांपैकी कमावते होते ३६ टक्के.

बोगसचं म्हणाल तर आहेत, मी नाकारत नाही, आणि त्याचा सगळ्यात जास्त राग आम्हाला येतो कारण ते आमच्या ताटातलं घेतात. त्याला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे, आणि खोटेपणाने लाभ घेतला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. तक्रार करा, मी सही करतो. पण "निम्मे" हा आकडा कुठून आणला ते मेसेजवाल्याने सांगावं.

आपल्या गावात यंदा स्वउत्पन्न किती, ५ टक्के किती झाले, कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारा, मी विचारलं होतं आणि उत्तर मिळायला दोन सभा लागल्या. ताईच्या गाळ्याला अजून दोन पायऱ्या आहेत, शेजारचा चहावाला रोज सकाळी तिची व्हीलचेअर वर उचलून ठेवतो. तिथे रॅम्पचा अर्ज दिलाय, माप काढून, जागा तोकडी आहे म्हणून बाजूने वळवून कागदावर आखून. ठराव झाला की इथेच टाकतो.