फ्रँकिंग मशीनची बॅटरी काढू नका, बॅलन्स परत येत नाही

‘फ्रँकिंग मशीनचा बॅलन्स संपला? बॅटरी दहा मिनिटं काढून ठेवा, जुना बॅलन्स परत येतो. किंवा जुनाच रिचार्ज कोड पुन्हा टाका. कोड जनरेटर हवा असेल तर 1,500 रुपये पाठवा.’ सोलापुरातल्या व्यापारी ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज आता माझ्या भाच्यापर्यंत पोचलाय. तो एका पतसंस्थेत आवक-जावक सांभाळतो, आणि तिकिटांऐवजी पाकिटावर टपालखर्चाचा ठसा मारणारं हे मशीन त्याच्याच हाताखाली असतं. “मामा, करून बघू का?” असं त्याने विचारलं, म्हणून हे लिहितोय.

आधी बॅटरीचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच आहे. शिल्लक रक्कम बॅटरीच्या जिवावर टिकत नाही. ती वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत असते. बॅटरी सांभाळते ती आतली गुप्त किल्ली, म्हणजे रिचार्ज देणाऱ्या सर्व्हरला मशीनची ओळख पटवणारा गुप्त आकडा, आणि घड्याळ. अमेरिकेच्या टपाल खात्याने नव्या मीटरांच्या, म्हणजे अशाच फ्रँकिंग मशीनांच्या, सुरक्षा भागाला फिप्स 140 या सरकारी मानकाची तिसरी पातळी सक्तीची केली. ती पातळी स्पष्ट सांगते की झाकण उघडलं गेलं, मग ते बॅटरी काढायला का असेना, तर उपकरणाने आतल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकायच्या. अशा मीटरची किल्ली गेली की सर्व्हर त्याला ओळखत नाही. रिचार्ज बंद, छपाई बंद, आणि आतली शिल्लक तपासणी होईपर्यंत अडकून पडते. उघडलेल्या मशीनचा जाब परवाना ज्याच्या नावावर आहे त्यालाच द्यावा लागतो.

समजा एखाद्याने शिल्लक वाढवलीच, तरी हिशेब त्याला पकडतो. आत दोन रजिस्टर असतात. चढत्यात आजवर छापलेली एकूण रक्कम, उतरत्यात शिल्लक. उदाहरणार्थ, चढतं 42,350 रुपये, उतरतं 1,650, बेरीज 44,000. पाच रुपयांचा ठसा मारला की 42,355 आणि 1,645. बेरीज तीच. ती फक्त अधिकृत रिचार्जने वाढते, आणि सर्व्हरकडेही तीच नोंद असते. नुसती शिल्लक फुगवली तर पुढच्या रिचार्जला आकडे जुळत नाहीत आणि मशीन लॉक होतं.

कोडबद्दल थोडं खरं आहे, तेवढं मान्य करतो. 1979 साली फोनवरून रिचार्ज सुरू झाला तेव्हा कोड खरंच हाताने टाकावा लागे. पण तो त्याच मशीनसाठी आणि त्याच एका रिचार्जसाठी बनलेला असे. एकदा वापरला की मशीन पुढच्या कोडची वाट बघतं, जुना घेत नाही. आताच्या यंत्रणेत मशीन आणि सर्व्हर थेट कूटबद्ध संदेशांनी बोलतात, मध्ये माणूस कोड टाकतच नाही. मग जनरेटर कोड देणार कशाला? आणि किल्ली मशीनच्या आत आणि सर्व्हरवर असताना तो विकणाऱ्याकडे ती येणार कुठून?

मेसेजमध्ये पुढे ‘खरेदीखतालाही चालतं’ असं लिहिलंय. साफ चूक. मुद्रांक शुल्काचं फ्रँकिंग वेगळं, टपालाचं वेगळं.

पैसे पाठवले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. झाकण उघडलं असेल तर पुन्हा चालू करून बघू नका. दोन्ही रजिस्टरचे शेवटचे आकडे जावक वहीतून काढा, मशीन पुरवणाऱ्या कंपनीला कळवा आणि परवाना दिलेल्या डाकघरात लेखी द्या.