दर कमी करा, पण कशाचा ते ठरवून

अभिनेत्यांच्या दराबद्दल मी जे लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या अभिनेत्याच्या पाठीशी संघटना नाही त्याने दराच्या गप्पा मारू नयेत. तो नाही म्हणाला की त्याच भूमिकेसाठी दहा जण रांगेत उभे, आणि माझे सल्ले ऐकून नवोदित घरी बसतात.

रांग खरी आहे. पण ‘जास्त मागा’ असं मी लिहिलंच नव्हतं; आपण काय काय विकतोय ते वेगवेगळं मांडा, असं लिहिलं होतं. शूटच्या दिवसाचं मानधन मेहनतीचं. जाहिरातीतला चेहरा किती महिने, कुठल्या देशांत, फक्त इंटरनेटवर की टीव्ही आणि होर्डिंगवरही दिसणार, हा हिशेब निराळा. एका शीतपेयाची जाहिरात चालू असेतो दुसरे शीतपेयवाले आपल्याला सहसा उभं करत नाहीत, मग करारात तशी अट असो वा नसो. त्या बुडालेल्या कामांची भरपाई एका दिवसाच्या मानधनातून कशी होणार?

संघटनेलाही सगळं मिळत नाही, बरं का. अमेरिकेत १९६० साली अभिनेत्यांनी संप केला तो चित्रपट टीव्हीवर दाखवल्यास त्यातला वाटा मिळावा म्हणून. पुढच्या चित्रपटांसाठी तो मिळाला. जुन्यांवर पाणी सोडावं लागलं, आणि त्या बदल्यात आरोग्य व निवृत्तिवेतनाच्या निधीसाठी पैसे पदरात पडले. काय सोडतोय आणि कशाच्या बदल्यात, हे त्यांना ठाऊक होतं. सॅग-आफ्ट्रा या तिथल्या अभिनेत्यांच्या संघटनेचे किमान दर आजही कुणालाही वाचता येतात. तेवढे आपल्याला मिळतील असं नाही, पण दर कुठल्या कलमांनी बनतो ते तिथे कळतं.

म्हणून ‘बजेटच नाही’ असं ऐकलं की मी आधी माझ्या चेहऱ्याचा वापर कमी करतो: वर्षाऐवजी तीन महिने, सगळ्या माध्यमांऐवजी फक्त इंटरनेट. गंमत म्हणजे ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ हे बऱ्याचदा निर्मात्यांना नकोच असतं. जुन्या करारातून ते कलम तसंच उचललेलं असतं. घासाघीस न करता सुटतं. आवाजाची किंवा चेहऱ्याची एआय प्रतिकृती मात्र मी कुठल्याही सवलतीत देत नाही. अमेरिकन अभिनेत्यांचा २०२३ चा ११८ दिवसांचा संप ज्या मुद्द्यांवर झाला, त्यांतला हा एक होता.

विद्यार्थ्यांच्या फिल्म फुकट करायला माझी हरकत नाही, मीही करतो. शोरीलसाठी, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या चित्रफितीसाठी, शॉट मिळतील एवढं ईमेलवर लिहून घ्या.

शेवटी तुम्ही विचारलंय, पैसे बुडवले तर जायचं कुणाकडे? खरं सांगायचं तर वकिलाचा खर्च बऱ्याचदा मानधनापेक्षा जास्त होतो. त्यामुळे बंदोबस्त आधीच हवा: काही रक्कम आगाऊ, आणि पूर्ण पैसे मिळाल्यावरच वापराचा हक्क सुरू, असं लेखी. ‘पैसे रिलीजनंतर’ असं दिसलं तर ते खोडून शूटच्या तारखेपासूनची मुदत घाला. रिलीज आपल्या हातात नसतं, आणि काही फिल्म कधीच रिलीज होत नाहीत.