किक, बॅक आणि मधली मोकळी जागा

भाची बँकेच्या परीक्षेला बसतेय आणि इंग्रजी शब्दांची उजळणी माझ्यावर चालवते. त्यासाठी तिला रविवारची दुपारच लागते. जेवून मी सतरंजीवर आडवा झालो, पेपर तोंडावर घेतला, की उशाशी आवाज येतो.

“मामा, किक बॅक म्हणजे काय?”

हा पेपर मला सोपा होता. आमच्या पिढीने हा शब्द शाळेत नव्हे, बोफोर्स तोफांच्या प्रकरणात शिकला. १९८७ साली स्वीडनच्या रेडिओने बातमी दिली आणि पुढे कित्येक वर्षं सकाळच्या चहाबरोबर किकबॅकच वाचले. “कंत्राट मिळवून दिल्याबद्दल मागच्या दाराने येणारा वाटा,” मी पेपराखालूनच सांगितलं.

“पुस्तकात तर निवांत पडणं असं दिलंय!”

पेपर बाजूला करून पाहिलं. दोन्ही खरं. किक आणि बॅक यांच्यात जागा सोडली की आराम, जागा मिटवली की लाच. फरक एका बोटाच्या दाबाचा. स्पेसबार बिघडलेला माणूस सुट्टीचा बेत कळवायला जायचा आणि दक्षता विभागाला सापडायचा.

मग पोतडीच उघडली. बॅकहँडर म्हणजे विलायती लाच. बंग हा त्यातला फुटबॉलवाला प्रकार. त्यापायी १९९५ मध्ये आर्सेनल क्लबचा मॅनेजर जॉर्ज ग्रॅहम याची नोकरी गेली. ग्रीस पेमेंट तर अमेरिकेने जवळजवळ पंक्तीलाच बसवलंय. परदेशात लाच देण्याविरुद्धचा त्यांचा १९७७ चा कायदा आहे, पण नेहमीचंच सरकारी काम लवकर हलावं म्हणून दिलेली चिरीमिरी त्यातून वगळलेली आहे. त्यांच्याकडे फाईल सरकायला वंगण लागतं. आपल्याकडे तिच्यावर वजन ठेवावं लागतं, जणू ती उडून जाणार होती! उडत असती तर तक्रार कोणाची होती?

स्लश फंड, म्हणजे लाच देण्यासाठी गुपचूप बाजूला ठेवलेला पैसा, त्यापाशी मात्र साहेब आपल्या ओळखीचा वाटला. जुन्या जहाजांवर खारवलेलं मांस उकळताना वर जी चरबी यायची ती विकून पैसे जमवत, त्याचं हे नाव. मढ्याच्या टाळूवरच्या लोण्याचा लांबचा भाऊच.

कारण आपल्याकडे हे सगळं खातंच जेवणाचं. लाच खायची, साहेबाला चारायचं, चहापाण्याचं बघायचं, मलिदा वाटून घ्यायचा आणि नंतर तो पचतो का ते पाहायचं. पचला नाही तर सापळा. ‘हात ओले करणे’ हा वाक्प्रचार ज्याने काढला त्याला पुढचं दिसलं असावं: नोटांना फिनॉल्फ्थॅलीन लावलेलं असेल, तर ते हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात पुन्हा ओले करतात आणि पाणी गुलाबी होतं.

“आता आरामाचे शब्द,” भाचीने पान उलटलं. अनवाइंड, वाइंड डाउन, रिचार्ज, डीकंप्रेस, लेट ऑफ स्टीम. ही माणसं विश्रांती घेतात की बॉयलर दुरुस्त करतात? कुठे स्प्रिंग सैल करायची, कुठे वाफ सोडायची. आमच्या घराण्यात ‘जरा पडतो’ म्हटलं की काम होतं. पडणाऱ्याला कोणी कशासाठी विचारत नाही, फक्त चहाला कधी उठवू एवढं विचारतात. लेट युअर हेअर डाउन हा शब्दप्रयोग तिने माझ्या डोक्याकडे बघून स्वतःहूनच गाळला. पोरीला वळण चांगलं आहे.

घड्याळात तीन वाजत आले होते आणि वहीत अजून अख्खं पान शिल्लक दिसत होतं.

“हे बघ,” मी खिशातून पन्नासाची नोट काढली, “खाली जाऊन कुल्फी खा आणि तासभर काही विचारू नकोस.”

“याला हश मनी म्हणतात, मामा.” तिने शब्द वहीत उतरवला, त्यापुढे बरोबरची खूण केली आणि शंभर मागितले.